माल्याच्या पुढे जायचं तर आधी वायपरचा नट बघा

पावसाळ्यात वायपर नीट चालेनासा झाला की बहुतेक जण आधी नवीन ब्लेड घेऊन येतात. दुकानदार ते तिथल्या तिथे बसवूनही देतो. दोन दिवस काच झकास दिसते. तिसऱ्या दिवशी वायपर पुन्हा अर्ध्यातच अडखळतो, खाली येऊन पडून राहतो, नाहीतर काचेची हद्द ओलांडून कडेच्या खांबावर टकटक आपटायला लागतो. दोष ब्लेडचा नव्हताच. सैल झालेला असतो तो दांडीच्या बुडाशी, काळ्या टोपणाखाली दडलेला नट. तो आवळायला एक पाना आणि दहा मिनिटं पुरतात. मात्र ती दहा मिनिटं घरच्या अंगणात काढायची की ताम्हिणीच्या वळणावर कोसळत्या पावसात, हे आपल्याच हातात असतं.

पौड रस्त्याने मुळशीकडे येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी हे मुद्दाम लिहितो आहे. माले आणि आसपासच्या गावांतून रोज पिरंगुटच्या कारखान्यांत कामाला जाणारे, भाजी-दूध घेऊन पुण्याला निघणारे आणि शनिवार-रविवारी धबधबे बघायला घाट गाठणारे, या सगळ्यांना हा रस्ता एकाच दिवसात तीन प्रकारचा पाऊस दाखवतो. चांदणी चौकात ऊन असतं, पौडला भुरभुर असते आणि माले मागे पडून मुळशीचं पाणी उजेडात आलं की समोरचं काही दिसेनासं होतं. पुणे शहरात अख्ख्या वर्षाचा पाऊस सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास भरतो. 25 जुलै 2024 रोजी ताम्हिणी घाटात 24 तासांत 556 मिलिमीटर पावसाची नोंद झाली. शहराच्या वर्षभराच्या पावसातला मोठा हिस्सा तिथे एका दिवसात पडला. याच पावसावर डोळा ठेवून टाटांनी मुळशीला धरण बांधलं, त्याविरुद्ध 1921 मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी सत्याग्रह केला आणि तेच पाणी आज सह्याद्री उतरून भिऱ्याच्या वीजकेंद्रात जातं. इतक्या पावसाच्या मुलखात वायपरला ब्रेकच्या खालोखाल मान द्यायला हवा. शहरातल्या सरींसाठी चालून जाणारा वायपर इथे चालून जात नाही.

एक साधा हिशेब करून पाहा. वायपर जोरात चालवला तर मिनिटाला निदान पंचेचाळीस वेळा वर जाऊन खाली येतो. प्रत्येक फेरीत तो दोनदा दिशा बदलतो आणि दिशा बदलताना दांडीच्या बुडाला हिसका बसतो. म्हणजे मिनिटाला नव्वद हिसके, तासाला 5400. त्यात खड्ड्यांचे दणके वेगळे. एवढ्या हिसक्यांत थोडासा कमी आवळलेला नट सैल होणारच, आणि तो सैल होतो तोही नेमका जोराचा पाऊस चालू असताना, कारण हिसके बसतात तेव्हाच.

आता आतली रचना समजून घेऊ, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. काचेच्या खाली, बॉनेटच्या मागच्या कडेला काळ्या प्लास्टिकची जाळी असते. तिच्याखाली एक मोटर असते. मोटर एक छोटा आडवा हात गोल फिरवते, त्या हाताला जोडलेल्या पट्ट्या ते फिरणं डाव्या-उजव्या हालचालीत बदलतात आणि शेवटी दोन खुंट जाळीतून वर डोकावतात. हे खुंट वर निमुळते असतात आणि त्यांच्या अंगावर उभे बारीक दाते असतात. दांडीच्या बुडातलं भोकही तसंच निमुळतं. नट आवळला की दांडी खाली दाबली जाते आणि कुऱ्हाडीच्या पात्यात दांडा पाचर ठोकून घट्ट व्हावा तशी ती खुंटावर अडकून बसते. जोर पेलते ती ही अडकण. नट फक्त दाब देतो. हा दाब कमी झाला की दांडी दात्यांवरून घसरायला लागते, आणि खुंट पोलादी आणि दांडीचं बूड बहुतेक वेळा ॲल्युमिनियमचं असल्यामुळे झिजते ती दांडी. आठवडाभर दुर्लक्ष केलं की जे काम नट आवळून झालं असतं त्याला नवी दांडी लागते.

म्हणून आधी सैलपणा नेमका कुठे आहे ते शोधा. गाडी सपाट जागी उभी करा. काच ओली करून वायपर एकदा चालवा आणि कांडीनेच बंद करा, म्हणजे दोन्ही दांड्या आपापल्या मुक्कामाच्या जागी येऊन थांबतील. मग किल्ली काढून खिशात ठेवा. हे शेवटचं सांगणं औपचारिक नाही. पावसाचा अंदाज घेऊन आपोआप चालू होणारे वायपर आता बऱ्याच गाड्यांत असतात. काचेवर हात फिरला तरी ते झटकन उचल खातात आणि बोट मधे सापडू शकतं.

आता दांडी टोकाला न धरता बुडापासून वीतभर अंतरावर धरा आणि काचेला समांतर, अगदी हलक्या हाताने वर-खाली ढकलून पाहा. नीट बसलेली दांडी जवळजवळ हलत नाही, कारण मोटरचे आतले दाते तिला धरून ठेवतात. हलली, तर नजर बुडाशी न्या. दांडी हलते पण खुंट जागचा हलत नाही, असं दिसलं तर नट सैल आहे किंवा दाते गेले आहेत. दांडीबरोबर खुंटही फिरतो आहे, आणि जाळीखालून टक् असा आवाज येतो, तर खालच्या पट्ट्यांचे सांधे झिजले आहेत. खुंट गोल फिरायच्या ऐवजी पूर्ण आडवा डुलत असेल, तर खुंटाचा बुश गेला. दांडी बुडाशी घट्ट आणि वरचं ब्लेडच लटपटत असेल, तर हुक किंवा क्लिप बघायची. एवढं पाहायला दोन मिनिटं लागत नाहीत, पण गॅरेजमध्ये ‘वायपर बघा जरा’ म्हणण्याऐवजी ‘उजव्या दांडीचा खुंट डुलतोय’ असं सांगता येतं. त्याने वेळही वाचतो आणि नको असलेली खरेदीही टळते.

बहुतेक वेळा सापडतो तो नटच. त्याची दुरुस्ती सविस्तर सांगतो.

लागेल ते आधी जवळ घ्या: नटाला बसणारा गोटी पाना, जाड फडकं किंवा जुना टॉवेल, निकामी टूथब्रश नाहीतर तारेचा छोटा ब्रश, आणि चिकटपट्टीचा तुकडा. नट गाडीगणिक वेगळा असतो. 10, 12, 13, 14 यांपैकी एखादा नंबर बहुधा बसतो. पक्कड वापरू नका, नटाचे कोपरे गोल होतात आणि पुढच्या वेळी पानाही धरत नाही. सर्वात आधी टॉवेलची दुहेरी-तिहेरी घडी करून काचेवर दांडीच्या खाली पसरा. दांडीत ताकदीची स्प्रिंग असते. काम करताना ब्लेड निसटलं आणि उघडी दांडी काचेवर आदळली तर समोरची काच तडकते. वायपरच्या कामात सर्वात महागात पडणारी चूक हीच.

मग चिकटपट्टी लावा. ब्लेड काचेवर जिथे टेकलं आहे बरोबर त्याच्या कडेने काचेवर पट्टी चिकटवा, म्हणजे दांडी पुन्हा बसवताना जागा चुकणार नाही. दांडी आधीच सरकलेली असेल तर दुसऱ्या बाजूच्या वायपरकडे पाहून किंवा काचेवर रबराने वर्षानुवर्षं उमटवलेल्या पुसट कमानीवरून मूळ जागा ओळखता येते. कित्येक गाड्यांत कंपनीनेच काचेच्या खालच्या काठावर बारीक खूण छापलेली असते. ती एकदा शोधून ठेवा.

बुडावरचं टोपण नखाने किंवा चपट्या स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने अलगद उचला. काही गाड्यांत ते बिजागरीवर मागे उलटतं. खाली नट दिसेल. मुळशीत पावसाळाभर उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीचं टोपण उघडलं की बहुधा एकच दृश्य असतं: नटाभोवती तांबूस गंजाचं कडं, त्याला लागून ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी आणि कोपऱ्यात चिखल होऊन बसलेली बारीक माती. हे सगळं तसंच ठेवून नट आवळला तर तो मळावर आवळला जातो. मळ चार दिवसांत निघून जातो आणि नट पुन्हा सैल. म्हणून ‘आवळला तरी परत सैल होतो’ अशी तक्रार असेल तर दांडी काढून साफ करण्याला पर्याय नाही.

नट काढा, खाली वॉशर असेल तर त्याची वरची-खालची बाजू लक्षात ठेवा. दांडी काचेपासून थोडी उचलून बुडाशी डावी-उजवीकडे हळूहळू हलवत वर ओढा. काही गाड्यांत बॉनेटची कड आडवी येते आणि दांडी पुरती उठत नाही. तिथे वायपर काचेच्या मध्यावर उभे करून ठेवायची सोय असते, ती कशी वापरायची ते गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं. दांडी गंजून चिकटली असेल तर गंज सैल करणारा फवारा मारून पंधरा मिनिटं थांबा. तरी निघत नसेल तर गॅरेजमधून छोटा पुलर आणा. खुंटावर हातोडी मात्र घालू नका. वरचे आटे बसतात, आतला बुश फुटतो आणि काम शेकड्यांतून हजारांत जातं.

दांडी निघाली की खुंटाचे दाते आणि दांडीतलं भोक ब्रशने कोरडं घासून काढा. फवारा मारला असेल तर फडक्याने पूर्ण पुसून घ्या. इथे तेल किंवा ग्रीस लावायचा मोह होतो, पण ते कटाक्षाने टाळा. या दोन अंगांनी एकमेकांना धरून ठेवायचं आहे, तेल लागलं की ती घसरतात. नटाच्या आट्यांना तेलाचा पुसट हात चालेल, दात्यांना नाही. साफ झाल्यावर भोकाच्या आत उजेड पाडून पाहा. दात्यांच्या रेघा सर्व बाजूंनी उभ्या आणि टोकदार दिसल्या तर दांडी चांगली आहे. एका बाजूला गुळगुळीत पट्टा दिसला तर दाते गेले.

दांडी चिकटपट्टीच्या खुणेवर आणून खुंटावर सरळ दाबा, वॉशर घाला, नट आधी हाताने फिरवा. हाताने तीन-चार फेरे सहज गेले म्हणजे आटे बरोबर बसले. मग पाना लावा. किती आवळायचा? बहुतेक मोटारींत हा नट 15 ते 25 न्यूटन-मीटर इतका आवळतात, म्हणजे चाकाच्या नटाला लागतो त्याच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याइतका जोर. लांब पान्यावर अंगाचा भार टाकायचा नाही. वीतभर पाना मनगटाच्या जोराने घट्ट होईपर्यंत आवळा. नेमका आकडा गाडीच्या सर्व्हिस पुस्तकात मिळतो. आवळताना दुसऱ्या हाताने दांडी धरून ठेवा, नाहीतर सगळा जोर मोटरच्या दात्यांवर जातो. टोपण लावायला विसरू नका. टोपण हरवलेल्या गाड्या रस्त्यावर रोज दिसतात आणि वायपर सैल होणाऱ्या गाड्यांतही त्याच जास्त असतात, कारण त्या खळग्यात पाणी साचून राहतं. गाडीच्या सुट्या भागांच्या दुकानात टोपण अगदी थोडक्या पैशांत मिळतं.

टॉवेल काढा, काचेवर तांब्याभर पाणी ओता आणि वायपर आधी हळू, मग जोरात चालवून पाहा. दोन्ही ब्लेडं एकमेकांना भिडत नाहीत ना, वर गेल्यावर कडेच्या खांबाला लागत नाहीत ना आणि बंद केल्यावर खुणेवर येतात ना, हे बघा. जागा थोडी चुकली असेल तर नट काढून दांडी एक-दोन दाते पुढे-मागे करून बसवा. आठवडाभराने, किंवा पहिल्या मोठ्या पावसानंतर, तोच नट पुन्हा एकदा पाना लावून तपासा. नव्याने बसवलेली दांडी थोडी खाली बसते आणि नटाला पाव फेरा मिळतो. हा पाव फेरा देणारे फार थोडे असतात.

दाते गेलेले असतील तर नट कितीही आवळा, दांडी घसरणारच. नवी दांडी घ्यायची, लहान मोटारींची काही शे रुपयांत मिळते. घेताना डावी-उजवी नीट सांगून घ्या, दोन्हींची लांबी आणि बाक वेगळा असतो. घरी परतण्यापुरती वेळ निभवायची असेल तर गॅरेजवाले एक जुनी युक्ती करतात: शीतपेयाच्या डब्याचा पातळ पत्रा कातरून त्याची अरुंद पट्टी खुंट आणि भोक यांच्यामध्ये घालतात आणि वरून नट आवळतात. पट्टी दात्यांत रुतते आणि दांडी पकड घेते. ही सोय पौडपर्यंत पोचायला चांगली आहे, पावसाळा काढायला नाही. झटपट चिकटणारा गोंद ओतणारेही भेटतात. त्याने दांडी पकडत नाही, आणि पुढे खुंटावरून काढायची झाली तर निघतही नाही.

जाळीखालचे सांधे झिजले असतील तर मात्र काम थोडं मोठं आहे. एकच वायपर लंगडत असेल तर त्या बाजूची पट्टी, आणि मोटरचा गुणगुणाट ऐकू येतोय पण दोन्ही वायपर जागचे हलत नाहीत तर मोटरजवळचा सांधा निसटला आहे किंवा मोटरच्या हाताचा नट सैल आहे, असा साधारण अंदाज बांधावा. मोटरचा आवाजच येत नसेल तर आधी फ्यूज बघा. पट्ट्यांच्या टोकाला प्लास्टिकची वाटी आणि तिच्यात बसणारी पोलादी गोळी असते. वाटी झिजली की गोळी खेळायला लागते आणि एके दिवशी सुटते. सुटलेली वाटी अंगठ्याने दाबून परत बसवता येते आणि प्लास्टिकच्या टायने आवळून घरापर्यंत आणता येते. कायमचं करायचं तर नवी वाटी, आणि ती सुटी मिळत नसेल तर पट्ट्यांचा अख्खा संच. हे काम जाळी काढून करावं लागतं. जाळीच्या क्लिपा उन्हाने कडक झालेल्या असतात, घाईने ओढल्या की तुटतात. सवय नसेल तर पिरंगुट किंवा पौडला गॅरेजमध्ये करून घेतलेलं बरं.

जाळी काढली की खाली काय निघतं ते एकदा स्वतः उभं राहून पाहा. मुळशीत गाड्या झाडाखालीच लागतात, उन्हाळ्यात सावली म्हणून आणि पावसाळ्यात जागा नाही म्हणून. जांभूळ, आंबा, ऐन यांची पानं जाळीतून आत जातात, कुजतात आणि पाणी वाहून जायची भोकं बुजवतात. मग मोटर आणि खुंटांचे बुश आठवडेच्या आठवडे पाण्यात बसतात. खुंट जड फिरायला लागतो, मोटर जोर लावते आणि तो सगळा जोर दांडीच्या नटावर येतो. नट वारंवार सैल होण्यामागे कित्येकदा ही पानं असतात. मे महिन्याच्या अखेरीस बॉनेट उघडून काचेखालची पानं हाताने काढा आणि दोन्ही कोपऱ्यांत तांब्याभर पाणी ओतून ते चाकामागून खाली वाहतं की नाही ते बघा. याला खर्च शून्य आहे.

ब्लेडच्या हुकाचं थोडक्यात. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत दांडीचं टोक उलट्या आकड्यासारखं वळलेलं असतं आणि ब्लेड त्यात खट् आवाज करून बसतं. आवाज आला नाही तर बसलेलं नाही, हे पक्कं समजा. नव्या ब्लेडबरोबर तीन-चार प्रकारचे जोड येतात. चुकीचा जोड वरवर बसतो आणि ऐन पावसात ब्लेड उडून जातं. मग उघडं लोखंडी टोक काचेवर एकच फेरी मारतं आणि कायमचा ओरखडा ठेवतं. लांबीही बदलू नका. ‘जास्त काच पुसली जाईल’ म्हणून इंचभर लांब ब्लेड बसवणारे आहेत. ते खांबाला आपटतं आणि रोजच्या आपटण्याने नट सैल होतो.

सवयींबद्दल दोनच गोष्टी सांगायच्या आहेत, पण त्या महत्त्वाच्या. जुलैत भातलावणी सुरू झाली की चिखलणी करून निघालेले ट्रॅक्टर डांबरी रस्त्यावर चिखल सांडत जातात, समोरच्या गाडीच्या चाकांनी तो काचेवर उडतो आणि आपला हात आपोआप वायपरच्या कांडीवर जातो. कोरड्या चिखलावर वायपर चालवणं म्हणजे दांडीला पॉलिश पेपरवर ओढणं. आधी पाण्याचा फवारा, मग वायपर. त्यासाठी बॉनेटमधली पाण्याची टाकी भरलेली हवी. दुसरं असं की घाटात थांबल्यावर गाडी सोडून लांब जाऊ नका. खाऊ देऊन सवय लावलेली माकडं बॉनेटवर चढतात आणि वायपर हाताला आला की उपटूनच बघतात. त्यांना खायला देणं बंद झालं तर गाड्याही वाचतील आणि रस्त्यावर चिरडली जाणारी माकडंही.

वायपर घाटातच गेला तर? वेग लगेच कमी करा, पण जागच्या जागी थांबू नका. वळणावर आणि दरडीच्या बाजूला अजिबात नको. मागून एसटी किंवा ट्रक येत असतो आणि त्याच्या काचेवरही तोच पाऊस असतो. पुढची रुंद जागा मिळेपर्यंत दिवे लावून हळू जा आणि तिथे चारही इंडिकेटर चालू करून बाजूला घ्या. आधी खात्री करा की काच बाहेरूनच अंधुक आहे. मुळशीच्या दमट हवेत काच आतून धुरकटते आणि दोष वायपरवर जातो. एसीची हवा काचेकडे वळवली की ते दोन मिनिटांत जातं.

उजव्या बाजूची, म्हणजे चालकासमोरची दांडी निकामी झाली असेल आणि डावी शाबूत असेल, तर डावी काढून उजव्या खुंटावर बसवता येते. जोरात चालवण्याआधी सर्वात हळू गतीवर दोन फेऱ्या पाहा, ती काचेबाहेर जात नाही ना. डावा खुंट मोकळाच फिरत राहील, त्याने काही बिघडत नाही. चालकाला दिसणं महत्त्वाचं. शेजारच्याला थोडा वेळ दिसलं नाही तरी चालेल. जुने ट्रकचालक काचेवर ओली तंबाखू चोळतात, त्याने पाणी थेंब न धरता सपाट वाहतं. भुरभुर असेल तर काही मिनिटं उपयोग होतो. ताम्हिणीच्या पावसापुढे तो उपाय टिकत नाही, त्याच्या भरवशावर घाट उतरू नये. पाऊस ओसरेपर्यंत थांबणं हाच तिथला खरा उपाय.

कायद्याचंही एक कलम माहीत असू द्या. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधला 101 वा नियम मोटारीला चालू स्थितीतला, यंत्राने चालणारा वायपर असलाच पाहिजे असं सांगतो. तो कोरड्या महिन्यांनाही लागू आहे, कारण वळीव सांगून येत नाही.

माल्याच्या पुढे घाटाकडे गॅरेजं विरळ होत जातात. म्हणून मुळशीकडे निघताना पौडला चहाला थांबाल तेव्हा किल्ली काढा, दोन्ही दांड्या बुडापासून वीतभर अंतरावर धरून हलवून बघा आणि गाडीत कायम एक गोटी पाना ठेवा. दांडी हलली तर तिथेच आवळून घ्या. आवळूनही हलत असेल तर त्या दिवशी घाट चढू नका, मागे फिरा.